छपरावरची गार आणि विम्यातला जादाचा रकाना



फेब्रुवारी उजाडला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, यंदा गारा होतील का? त्याचं उत्तर आभाळच देतं. दुसरा, पीकविमा भरलाय तर त्यात घराचे नि गोठ्याचे पत्रे धरतात का? त्याचं उत्तर एका शब्दात आहे, नाही. पीकविमा पिकाचा, पत्र्याचा नव्हे. पण एवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही. पुढचा प्रश्न लगेच येतो, "अहो, पण गार तर एकच ना? बागेवर पडली ती विम्यात, आणि दहा फुटांवर पत्र्यावर पडली ती बाहेर. हे कुठलं शास्त्र?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून गारपिटीच्या विम्याचा इतिहास जरा खोदून बघितला. तो आपल्याकडं सुरू होत नाही. युरोपातल्या शेतात सुरू होतो, अमेरिकेतल्या घरांच्या छपरावर चढतो आणि फिरत फिरत आपल्या फळपीक विम्याच्या अर्जावर येऊन बसतो. वाटेत एकच गोष्ट परत परत दिसते. गारपीट मूळ विम्यात कधीच नव्हती. ती नेहमी 'जादाची' म्हणून आत घेतली गेली, आणि नुकसान फार व्हायला लागलं की पुन्हा बाहेर सरकवली गेली.

सुरुवात फ्रान्सपासून करू. १३ जुलै १७८८ ला तिथं एक वादळ नैऋत्येकडून ईशान्येकडं सरकत गेलं. गारांचे दोन समांतर पट्टे पडले आणि मधल्या पट्ट्यात नुसता पाऊस. हजारावर गावांचं उभं पीक गेलं, त्यात कापणीला आलेला गहू होता. पुढच्या हिवाळ्यात पाव महाग झाला. बरोबर एक वर्ष नि एक दिवसानं पॅरिसमध्ये बॅस्टिल पडलं. राज्यक्रांती काही गारांनी केली नाही, तिची कारणं ढीगभर होती. पण भुकेल्या माणसांच्या संख्येत त्या गारांची भर होतीच.

यातली आपल्या कामाची गोष्ट म्हणजे ते दोन पट्टे. गारपीट पाहिलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. बांधाच्या अलीकडं घड उतरून पडलेत आणि पलीकडं पान हललेलं नाही. दुष्काळ सगळ्या तालुक्याला येतो, गारपीट पट्ट्यानं येते. म्हणून दुष्काळात शेजाऱ्याकडं मागायला जाता येत नाही, कारण त्याच्याकडंही काही नसतं. गारपिटीत मात्र शेजाऱ्याचं शाबूत असतं. या एका गुणामुळं गारपीट ही विम्याला सगळ्यात सोयीची आपत्ती ठरली.

उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबर्गच्या जमीनदारांनी हे ओळखलं. १७९७ मध्ये नॉयब्रांडेनबुर्ग गावात त्यांनी गारपीट विम्याची मंडळी काढली. कंपनीचा मालक कुणी शेठ नव्हता, सभासद तेच मालक. आपल्या सोसायटीसारखं समजा. ज्याचं गेलं त्याला बाकीच्यांच्या वर्गणीतून द्यायचं. ही संस्था आजही चालू आहे, आता सगळ्या प्रकारचे विमे विकते. स्वित्झर्लंडची गारपीट विमा संस्था १८८० ची. तीही शेतकऱ्यांच्या सभासदत्वावर उभी आहे.

त्याच १८८० साली अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात तंबाखू उत्पादकांनी असलीच सहकारी विमा मंडळी काढली. तंबाखूच का? त्या खोऱ्यातलं पान सिगारच्या बाहेरच्या वेष्टणासाठी जायचं. पानाला एक भोक पडलं की वेष्टण म्हणून त्याची किंमत संपली. एक्स्पोर्टच्या द्राक्षाचं जे दुखणं तेच तिथं. माल मरत नाही, पण दर मरतो. पुढं १९११ मध्ये नॉर्थ डकोटा या गव्हाच्या राज्यात सरकारनंच गारपीट विमा सुरू केला. म्हणजे गहू, तंबाखू, द्राक्षमळे, सगळ्यांचा विमा होत होता. छपराचा कुणी विचार करत नव्हतं.

आता घराकडं येऊ.

घराचा विमा जन्मला तो आगीपोटी. शहरं लाकडाची, चुली आत, कंदील आत. त्यामुळं घराची पॉलिसी म्हणजे आगीची पॉलिसी हे शे-दोनशे वर्षं पक्कं होतं. अमेरिकेत १९४३ ची न्यूयॉर्कची प्रमाणित पॉलिसी प्रसिद्ध आहे, १६५ ओळींची. तिच्यात आग होती, वीज पडणं होतं. गारपीट नव्हती आणि वारापण नव्हता. वाऱ्याची पॉलिसी वेगळी घ्यायची. घरमालक ती घ्यायचा कंटाळा करायचा, आणि जो घ्यायचा तो नेमका वादळी भागातला असायचा. कंपनीला हे परवडत नाही, कारण ज्याला धोका नाही त्याची वर्गणी जमाच होत नाही.

यावर १९३० च्या दशकात तोड निघाली. वारा, गारपीट, स्फोट, दंगल, विमान कोसळणं, वाहन धडकणं, धूर अशा सगळ्या धोक्यांची एक मोळी बांधली आणि ती आगीच्या पॉलिसीला जोडपत्र म्हणून डकवली. थोडा जादा हप्ता भरा, मोळी घ्या. गारपिटीसाठी कुणी एकट्यानं पैसे दिले नसते, पण मोळीतून ती लाखो घरांच्या विम्यात शिरली. ही झाली पहिली 'जादाची' गारपीट. मग १९५० मध्ये एका अमेरिकी कंपनीनं आग, चोरी, वारा, गारपीट, दुसऱ्याला झालेली इजा असं सगळं एकाच कागदावर आणून 'घरमालक पॉलिसी' विकायला काढली. ती इतकी चालली की लोक विसरूनच गेले, गारपीट कधीकाळी वेगळी विकत घ्यावी लागायची.

चाळीस वर्षं हे निवांत चाललं. घरं वाढली आणि रॉकी पर्वताच्या पायथ्याला, टेक्सासच्या सपाटीवर, नेमक्या गारांच्या पट्ट्यात शहरं पसरली. तिथली छपरं आपल्यासारखी पत्र्याची नसतात. लाकडी फळ्यांवर डांबरी पातळ तुकडे एकावर एक ठोकलेले असतात, माशाच्या खवल्यासारखे. त्यांना शिंगल म्हणतात. वर बारीक खडीचा थर असतो, तो उन्हापासून डांबराचं रक्षण करतो. गार पडली की तिथली खडी उडते आणि आतल्या जाळीला मुका मार बसतो. लगेच गळत नाही. पण तो ठिपका उन्हानं वाळतो, तडकतो आणि दोन-तीन वर्षांनी पाणी आत येतं. डाळिंबवाल्यांना हे बरोबर समजेल. गारेचा मार बसलेल्या फांदीला त्या दिवशी काही दिसत नाही, तेल्या नंतर येतो.

११ जुलै १९९० ला डेन्व्हर शहरावर गारा पडल्या. वीज गेली, जत्रेतला मोठा पाळणा बंद पडला आणि वर अडकलेल्या माणसांनी उघड्यावर मार खाल्ला. विम्याचं नुकसान निघालं ६२.५ कोटी डॉलर. तोवर अमेरिकेत एवढी महाग गारपीट झाली नव्हती. ५ मे १९९५ ला टेक्सासातल्या फोर्ट वर्थला नदीकाठच्या महोत्सवात हजारो माणसं जमली असताना चेंडूएवढ्या गारा आल्या. शंभरावर जखमी, आणि नुकसान एक अब्ज डॉलरच्या वर. दोन्हींच्या मध्ये, १९९२ मध्ये, फ्लोरिडात अँड्र्यू चक्रीवादळानं काही विमा कंपन्यांचं दिवाळंच काढलं.

इथून कंपन्यांनी हात आखडता घेतला. 'गारपीट धरणार नाही' असं उघड म्हटलं असतं तर गिऱ्हाईक उठून गेलं असतं. म्हणून शब्द ठेवला आणि आकडे बदलले.

त्यासाठी एक शब्द समजून घ्या, डिडक्टिबल. आपण वजावट म्हणू. नुकसानीतला पहिला वाटा घरमालकानं सोसायचा, त्याच्या वरचं कंपनी देणार. पूर्वी ही वजावट ठरावीक असायची, पाचशे किंवा हजार डॉलर. अँड्र्यूनंतर किनाऱ्यावर ती टक्क्यांत आली, आणि मग तीच पद्धत आतल्या सपाटीवर वारा-गारपिटीला लावली. एक टक्का, दोन टक्के, कुठं पाच. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हे टक्के नुकसानीचे नाहीत, घराच्या विमा रकमेचे आहेत. इथंच माणूस फसतो.

हिशेब करून बघू, आकडे उदाहरणाचे आहेत. घराचा विमा ३,००,००० डॉलरचा, वारा-गारपिटीची वजावट २ टक्के. गारांनी छप्पर गेलं, नवीन घालायला १५,००० लागतात. घरमालकाला वाटतं १५ हजाराचे दोन टक्के म्हणजे ३०० आपले, बाकी कंपनीचे. कंपनी म्हणते तीन लाखाचे दोन टक्के, म्हणजे पहिले ६,००० तुमचे. हातात ९,०००.

आता दुसरा चिमटा. बऱ्याच पॉलिसींत जुन्या छपराला नव्याची किंमत देत नाहीत, घसारा कापून देतात. वीस वर्षं टिकणारं छप्पर दहा वर्षांचं झालं असेल तर त्याची किंमत निम्मी, ७,५००. त्यातून वजावट ६,००० गेली. हातात आले १,५००. छप्पर पंधरा हजाराचं, मिळाले दीड हजार, आणि कागदावर मात्र 'गारपीट समाविष्ट' असंच लिहिलेलं. बँकेचा हप्ता चालू असलेल्या माणसानं बाकीचे साडेतेरा हजार कुठून आणायचे?

तिसरा चिमटा पत्र्यावाल्यांना. धातूच्या छपराला नुसते पोचे आले, भोक पडलं नाही, तर ते 'दिसण्यापुरतं नुकसान' म्हणून पैसे नाहीत, असं कलम कित्येक पॉलिसींत घातलं गेलं.

या भगदाडातून परत 'जादाचा' विमा जन्माला आला. त्याचे प्रकार थोडक्यात सांगतो. एक, वजावट विकत घेण्याची पॉलिसी. वरच्या उदाहरणात वजावट ६,००० ची १,००० वर आणून ठेवते, मधले ५,००० ही दुसरी पॉलिसी देते. मात्र आधी मूळ कंपनीनं नुकसान मान्य केलेलं लागतं. दोन, छपराला घसारा न कापता नव्याची किंमत देणारं जोडपत्र. यात पैसे बहुधा दोनदा येतात. आधी घसारा वजा करून, आणि काम पूर्ण करून पावती दिली की राहिलेले. छप्पर फार जुनं असेल तर हे जोडपत्र मिळायलाच मारामार. दोन्ही घेतली असतील तर आपल्या उदाहरणातल्या माणसाला १५,००० पैकी १४,००० मिळतात. हप्ता अर्थातच वाढतो. दर दोन-चार वर्षांनी गारा पडणाऱ्या गावात तो भरणं फायद्याचं. जिथं आयुष्यात एकदा पडतात तिथं तेवढे पैसे बाजूला टाकलेले बरे, असं माझं मत.

भगदाड होतं तिथं उंदीरही शिरले. गारपीट झाली की दुसऱ्या दिवशी परराज्यातले छप्परवाले गल्लीत हजर. "तुमची वजावट आम्ही सोसतो, फक्त सही करा." मग बिल फुगवायचं, कंपनीकडून जास्त काढायचं. टेक्सासनं यावर कायदा केला. १ सप्टेंबर २०१९ पासून ठेकेदारानं वजावट माफ करणं हा गुन्हा, आणि घरमालकानं वजावट खरंच भरली याचा पुरावा कंपनी मागू शकते.

एक चांगलं कामही झालं. १९९६ मध्ये छपराची परीक्षा ठरली. २० फुटांवरून दोन इंचाचा पोलादी गोळा छपरावर एकाच जागी दोनदा टाकायचा. तुकडा तडकला नाही तर तो सगळ्यात वरच्या, चौथ्या वर्गाचा. टेक्सासात १९९८ पासून असल्या छपराला हप्त्यात सूट सुरू झाली. विमा कंपनीचं डोकं इथं खरं चाललं असं मला वाटतं. नुकसान भरून देण्यापेक्षा ते होऊ नये म्हणून दिलेली सूट स्वस्त पडते. आपल्याकडं बागेवर गारपीटविरोधी जाळी टाकणाऱ्याला हप्त्यात अशी दणदणीत सूट दिली तर किती फरक पडेल!

तरीही गारा थांबत नाहीत. ८ मे २०१७ ला डेन्व्हरवर परत पडल्या, विम्याचं नुकसान २३० कोटी डॉलर. १९९० च्या साडेतीन पटीहून जास्त. आता नवीन तऱ्हा निघाली आहे. पंचनामा नाही, सर्व्हेअर नाही. तुमच्या जागेवर ठरलेल्या आकाराची गार पडली हे रडारनं किंवा यंत्रानं दाखवलं की ठरलेली रक्कम खात्यात.

हे फार आधुनिक वाटतं ना? असलाच विचार आपल्या देशात १९१५ मध्ये मांडला गेला होता. म्हैसूर संस्थानातल्या जे. एस. चक्रवर्तींनी पावसाचा विमा सुचवला. पीक किती बुडालं ते मोजत बसू नका, पर्जन्यमापक बघा आणि पाऊस कमी असेल तर पैसे द्या. १९२० मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. आजचा हवामान आधारित फळपीक विमा त्याच वळणाचा आहे.

चक्रवर्तींचं पाऊस मोजून भागत होतं, कारण पाऊस मंडळभर साधारण सारखा. गारपिटीचं तसं नाही, ती पट्ट्यानं येते हे वर आलंच. आणि आपल्या पीकविम्याचं मूळ दुखणं इथंच आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये 'क्षेत्र' हा पाया सुचवला. एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजणं अशक्य, तर मंडळाचं सरासरी उत्पन्न पीक कापणी प्रयोगानं काढा, ते घसरलं तर सगळ्यांना द्या. १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना यावर उभी राहिली. दुष्काळासाठी हा विचार पक्का होता. पण गारपिटीत दहा गावांतली दोन झोपली तर सरासरी फारशी हलत नाही, आणि त्या दोन गावांतला माणूस सरासरीत हरवतो.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भापासून नाशिक-सोलापूरपर्यंत दोन आठवड्यांवर गारा पडत राहिल्या, तेव्हा हे सगळ्यांना दिसलं. २०१६ मध्ये पंतप्रधान पीक विमा योजना आली, तिच्यात गारपीट ही 'स्थानिक आपत्ती' म्हणून धरली. ७२ तासांत कळवा, तुमच्या एकट्याच्या शेताचा पंचनामा होईल. मोळीतून गारपीट आत आली, अगदी अमेरिकेतल्या जोडपत्रासारखी. पुढं २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला. अर्ज वाढले, बोगस अर्जांचा बोभाटा झाला, पैसा फार जायला लागला. आणि २०२५ च्या खरिपापासून राज्यानं योजना बदलली. एक रुपया गेला आणि त्याबरोबर स्थानिक आपत्तीचा निकषही गेला. भरपाई परत पीक कापणी प्रयोगावर. डेन्व्हरच्या घरमालकाचं टक्केवारीनं जे झालं, तेच आपलं सरासरीनं झालं. बोगस अर्ज करणारे कोण होते ते त्यांनाच माहीत, भोगायचं मात्र पट्ट्यात सापडलेल्यानं.

फळबागवाल्यांचं वेगळं आहे. आंबिया बहाराच्या फळपीक विम्यात द्राक्ष, डाळिंब, संत्रा, मोसंबी, केळी अशा पिकांना गारपिटीचं संरक्षण आहे, पण ऐच्छिक. रकाना वेगळा, हप्ता वेगळा, विमा रक्कम वेगळी. तापमान नि पाऊस हवामान केंद्र मोजतं, त्याचे पैसे आपोआप. गारपिटीला आपल्याला कळवावं लागतं आणि शेतावर येऊन पाहणी होते. घाईत अर्ज भरताना तो रकाना सुटला की मग केंद्राचं तापमान दाखवून उपयोग नाही. अर्ज सीएससीवाल्याकडून भरून घेत असाल तर पावतीवर गारपिटीचा हप्ता वेगळा दिसतोय का ते तिथंच उभं राहून वाचा.

राहिले पत्रे. त्यांच्यासाठी घराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि वादळ लिहिलंय म्हणजे गारपीट आलीच असं धरून चालू नका, पॉलिसीत तो शब्द शोधा. गोठा, शेड, सोलरच्या पाट्या घरात धरल्यात का तेही विचारा. विमा नसेल तर सरकारी मदत. २०२२ ते २०२६ च्या आपत्ती निकषांत अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये, आणि नुकसान किमान १५ टक्के असायला हवं. सिमेंटच्या चाळीस पत्र्यांपैकी बारा फुटले तर छपराचे ३० टक्के झाले, पण सबंध घराचे किती धरायचे यावर पंचनाम्यात वाद होतो. म्हणून फुटलेला पत्रा उतरवायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, आतून दिसणाऱ्या आभाळाचाही एक, आणि गारा वितळायच्या आत दोन-चार गारा रुपयाच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो घ्या. तलाठी येईपर्यंत त्यांचं पाणी झालेलं असतं.